आठवण काढणं पाप आहे का?

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार झाली, आणि चार दिवसांनी आमचं दशलक्षण पर्व सुरू झालं. दरवर्षी असंच होतं. एकीकडे बैलांच्या झुली घडी करून ठेवायच्या, दुसरीकडे एकासन, उपवास आणि पूजेची तयारी. त्या दहा दिवसांत आमच्या महिला मंडळाच्या बायका दुपारी कुणाच्या तरी घरी जमतात. थोडा स्वाध्याय, थोडी भजनं.

नववा दिवस उत्तम आकिंचन्याचा. आकिंचन्य म्हणजे 'काहीच माझं नाही'. त्या दिवशी आमच्यातली एक नवीन सून गायला बसली. लग्नाला अडीच वर्षं झालीत, त्यातली दोन नवरा दुबईला. तिनं राजुलचं गाणं घेतलं. नेमिनाथ गिरनारला निघून गेले आणि राजुल महिन्यामागून महिना मोजत बसली आहे, असं ते गाणं. आवाज चांगला होता तिचा. पण दुसऱ्या कडव्यावर तो फाटला, आणि ती पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली.

सगळ्या गप्प. मग एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "अगं, आजच्या दिवशी तरी नको. हे आर्तध्यान आहे. कर्म बांधलं जातं." त्या वाईट मनानं बोलल्या नाहीत. त्यांचा अभ्यास आहे, आणि शास्त्र म्हणून त्या बोलल्या ते बरोबरच होतं. मीही मान हलवली. निघताना चपला घालता घालता त्या सुनेनं मला हळूच विचारलं, "काकू, तुम्हाले काकांची आठवण नाही येत का?"

माझे यजमान जाऊन चार वर्षं झाली. मी तिला म्हटलं, "येते, पण मी मन स्वाध्यायात घालते. सवयीनं जमतं सगळं."

मैत्रिणींनो, मी खोटं बोलले. दशलक्षणात, सत्यधर्माचा दिवस होऊन गेल्यावर, आणि धर्माचा आधार घेऊन खोटं बोलले. ते मला रात्रभर टोचत राहिलं. म्हणून हा प्रश्न मी स्वतःलाच विचारायला घेतला: दूर गेलेल्या माणसाची ओढ लागणं, त्याचं गाणं म्हणणं, त्यात रडणं, हे पाप आहे का?

आधी शास्त्र काय म्हणतं ते नीट पाहू. आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. नको ते वाट्याला आलं की ते कधी जाईल याचा ध्यास, हा एक. हवं ते दुरावलं की ते परत कधी मिळेल याचा ध्यास, हा दुसरा. याला इष्टवियोगज म्हणतात. दुखण्याचा ध्यास तिसरा. आणि पुढच्या भोगाची मागणी, म्हणजे निदान, हा चौथा. आर्तध्यान तिर्यंच गतीला नेतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणजे त्या सुनेचं रडणं सरळ दुसऱ्या प्रकारात बसतं. आणि माझंही, जे मी कुणाला दाखवत नाही.

पण तत्त्वार्थसूत्राच्या त्याच नवव्या अध्यायात पुढे हेही सांगितलं आहे की हे ध्यान कुणाकुणाला होतं. ज्यांनी व्रत घेतलेलं नाही त्यांना, ज्यांनी अणुव्रतं घेतली आहेत त्यांना, आणि ज्यांचा प्रमाद अजून उरलेला आहे अशा मुनींनासुद्धा. हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. घरदार सोडलेल्या मुनींच्या मनातही ही कळ उठू शकते हे सूत्रकारांनी मान्य केलं, आणि आपण पंचवीस वर्षांच्या पोरीला म्हणतो की तुझ्या मनात उठूच नये! सूत्रात ते दुखण्याचं निदान म्हणून सांगितलं आहे. आपण त्याचा ठपका करून टाकला.

दुसरी गोष्ट. राजुलची ही गाणी लिहिली कुणी? आपल्या साधूंनी आणि श्रावक कवींनी. बारा महिन्यांच्या विरहाचं काव्य, ज्याला बारमासा किंवा बारहमासा म्हणतात, त्याचे जे सगळ्यांत जुने नमुने मिळतात त्यांत विनयचंद्रसूरींचं नेमिनाथ-राजुलचं काव्य मोजलं जातं. ते तेराव्या शतकातलं आहे. त्यानंतर कितीतरी जैन कवींनी राजुलच्या तोंडी असे महिने घातले. ज्यांनी स्त्रीचा, घराचा, सगळ्या मोहाचा त्याग केला, त्यांनी बसून एका मुलीची तळमळ श्रावणापासून आषाढापर्यंत मोजून लिहिली. विरह ऐकणंच पाप असतं तर हे त्यांनी केलं असतं का?

गोष्ट आपल्याला पाठ आहे. उग्रसेनाची मुलगी राजुल नटूनथटून उभी आहे. बाविसावे तीर्थंकर होणारे नेमिकुमार वरात घेऊन येताहेत. वाटेत कोंडवाड्यात बांधलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानी पडतो. लग्नाच्या जेवणासाठी ही जनावरं कापली जाणार, हे कळल्यावर ते रथ वळवतात आणि गिरनारची वाट धरतात. आपण इथे थांबतो, जयजयकार करतो. गाणी मात्र इथून सुरू होतात. त्यांतली राजुल पुन्हा पुन्हा एकच विचारते: मुक्या जनावरांची दया आली, मग माझी का नाही आली?

हा प्रश्न साधा नाही. विचारणारी स्वतः अहिंसेच्या बाजूची आहे. ती असं म्हणत नाही की जनावरं कापू द्यायची होती. ती म्हणते, दया करताना एक जीव मोजायचा राहिला. आणि आपल्या कवींनी हा प्रश्न खोडला नाही. तीर्थंकरांच्या चरित्रात, त्यांच्याच विरुद्ध जाणारी ही तक्रार, तशीच्या तशी ठेवली. उत्तर पुढे मिळो न मिळो, तिला विचारू दिलं.

आमच्यापासून नागपूरमार्गे रामटेकला जाता येतं. तिथल्या शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनाला आमच्याकडची बरीच मंडळी जातात. त्याच डोंगराला कालिदासाचा रामगिरी म्हणतात. नागपूरचे पंडित वासुदेव विष्णू मिराशी यांनी ते मत मांडलं. तिथून यक्षानं आपल्या बायकोकडे मेघ पाठवला. बी.ए.ला असताना मला मेघदूत म्हणजे नुसती शृंगाराची पोथी वाटायची. आता वेगळंच लक्षात येतं. यक्षाला शिक्षा वर्षाची. मेघ दिसतो तेव्हा आषाढ लागलेला असतो आणि चार महिने उरलेले असतात, विष्णू शेषावरून उठेपर्यंतचे. म्हणजे आपला चातुर्मासच की! साधू एका जागी थांबतात तेच चार महिने यक्ष मोजतो. पावसानं वाटा बंद झाल्या की थांबावंच लागतं, आणि थांबलं की मनातलं वर येतं. कुणी त्याचं ध्यान करतो, कुणी त्याचं गाणं करतो.

आणि याच मेघदूताच्या ओळी एक-एक, दोन-दोन करून आपल्या श्लोकांत गुंफत आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात 'पार्श्वाभ्युदय' लिहिलं. जिनसेन म्हणजे राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू, आदिपुराणाचे कर्ते. त्यांनी यक्षाच्या विरहाच्या ओळी घेतल्या आणि त्यांतून पार्श्वनाथांवरच्या उपसर्गाची कथा उभी केली. सगळं मेघदूत त्यात आलं. आज मेघदूताचा जुना पाठ कोणता हे ठरवताना अभ्यासक या जैन मुनींच्या काव्याचा आधार घेतात. एका प्रेमिकाचे शब्द एका दिगंबर मुनींनी असे सांभाळले. त्यांना त्या शब्दांची भीती वाटली नाही. ते कुठे न्यायचे हे त्यांना माहीत होतं.

आता जरा बाहेर पाहू. पेशवाईत दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा निघायच्या त्या पावसाळ्याच्या तोंडावर परतायच्या. मागे राहिलेल्या बायकांच्या विरहाच्या लावण्या शाहिरांनी बांधल्या. लिहिणारे पुरुष आणि फडात ऐकणारेही बहुतेक पुरुषच. जी खरी वाट पाहत होती ती घरात होती, तिला कुणी विचारलं नव्हतं. तिकडे दूर अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानात गुरं राखणारे घोडेस्वार, ज्यांना गाउचो म्हणतात, ते गिटार घेऊन मागे राहिलेल्या बाईच्या आठवणीनं गातात. त्यांचं मोठं काव्य 'मार्तिन फिएरो' होसे एर्नान्देस यांनी १८७२ मध्ये लिहिलं. त्यात गाउचोला जबरदस्तीनं सरहद्दीवरच्या ठाण्यात नेतात. तो पळून परत येतो तर घर मोडलेलं आणि बायको दुसऱ्याबरोबर निघून गेलेली. पण तो तिला दोष देत नाही. उपाशी बाई काय करणार, हे तो समजून घेतो. मला तो माणूस आवडला. जाणारा आणि राहणारी, दोघांचंही दुःख त्यानं एका मापानं मोजलं.

आमच्या पांढुर्ण्याच्या गोटमारीची आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे. एका गावची मुलगी, पलीकडच्या गावचा मुलगा, दोघं पळून जाताना जाम नदीत अडकले आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले. आजही पांढुर्णा आणि सावरगाव नदीत झेंड्याचं पळसाचं झाड रोवून दगड मारतात, डोकी फुटतात. दरवर्षी मला वाटतं, दगड आपण जपून ठेवले. पण त्या नदीत उभ्या राहिलेल्या मुलीला काय वाटलं याचं गाणं काही माझ्या कानावर आलं नाही. विरह ऐकायचाच नाही असं ठरवलं की हातात दगडच उरतात, असं तर नसेल?

माझ्या सासूबाई शाळा चौथीपर्यंत शिकलेल्या. सासऱ्यांचा संत्र्याचा धंदा. मृगबहाराची संत्री उतरायला लागली की माघ-फाल्गुनात ते माल घेऊन दिल्ली-कलकत्त्याला जायचे, कधी महिना, कधी दोन महिने. फोन नव्हते. एखादं कार्ड यायचं, त्यात भाव काय मिळाला तेवढंच. तेव्हा रामाकोन्यावरून छिंदवाडा-नागपूरची छोटी लाइन जायची. २०१५ मध्ये ती बंद झाली, आता मोठी गाडी येते. दुपारनंतर छोट्या गाडीची शिट्टी ऐकू आली की सासूबाई कणकेत वाटीभर पीठ जास्त घालायच्या. बोलायच्या काही नाहीत. आमच्याकडे दिवस मावळल्यावर जेवण नाही. सासरे त्या गाडीनं आले नाहीत, म्हणजे बहुतेक दिवशी यायचेच नाहीत, की त्या जास्तीच्या पोळ्या सूर्य बुडायच्या आत गाईला घालून यायच्या. आणि डाळ निवडताना राजुलचं गाणं गुणगुणायच्या.

मी नवी सून होते, बी.ए. झाल्याचा तोरा होता. एकदा म्हटलं, "आई, गाणं म्हणून उगाच जास्त आठवण येते तुम्हाला." त्या सुपातलं खडे काढता काढता म्हणाल्या, "गाणं म्हटलं म्हणून माणूस आठवत नाही वं. माणूस आठवते म्हणून गाणं येते. अन् राजुलचं म्हटलं का मले वाटते, तिचा तर आलाच नाही. माहा येते."

त्या वेळी मी हसले. आज कळतं की मी शोधते आहे ते उत्तर त्यांनी सूप पाखडता पाखडता दिलं होतं. राजुलचं गाणं म्हणताना त्या स्वतःच्या दुःखातून उठून राजुलच्या दुःखापाशी जाऊन बसत होत्या. 'माझा माणूस, माझा माणूस' या घोकण्यातून बाहेर यायची वाट त्यांना गाण्यानंच दाखवली. आणि जास्तीची पोळी गाईच्या तोंडी गेली.

आर्तध्यानात मन एकाच खुंट्याभोवती फिरतं: मला हवं, मला परत पाहिजे, मलाच का. तिथे दुसऱ्या कुणाला जागा नसते. ती आठवण बांधून ठेवते हे खरंच. पण दुसरी एक आठवण असते. तिच्यानं मन नरम होतं, आणि शेजारणीच्या डोळ्यातलं पाणी आधी दिसायला लागतं. नेमिनाथांना पशूंचा आक्रोश ऐकू आला म्हणून ते वैराग्याला लागले. वैराग्याची सुरुवात कान बंद करून झाली नाही, कान उघडून झाली. मग एका बाईचा आक्रोश ऐकल्यानं आपलं वैराग्य कसं बुडेल? उलट तिला "गप बस, कर्म बांधलं जाईल" म्हणताना आपल्या तोंडून जी हिंसा होते, तिचा हिशोब कोण ठेवणार?

राजुलचं पुढे काय झालं तेही पाहा. ती आर्यिका झाली, गिरनारवर गेली. श्वेतांबर आगमांतल्या उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनात प्रसंग आहे. पावसात भिजलेली राजीमती गुहेत वस्त्रं वाळवते. तिथे नेमिनाथांचा भाऊ रथनेमी आधीच ध्यानाला बसलेला. तिला पाहून तो ढळतो, आणि ती त्याला परत मार्गावर आणते. मला नेहमी वाटतं, हे तिलाच जमलं कारण ओढ काय असते हे तिला आतून माहीत होतं. ती ना त्याच्यावर किंचाळली, ना वितळली. जिनं बारा महिन्यांची तळमळ सोसली तिला दुसऱ्याची तळमळ ओळखूही येते आणि सावरताही येते. बारा महिन्यांतून गेल्यावरच बारा भावना समजत असतील. मधले महिने गाळून थेट अनित्य भावनेवर उडी मारता येत नाही. मी चार वर्षं तेच करून पाहिलं.

याची दुसरी बाजू आहे, तीही सांगायला हवी. दुःखालाही गोडी लागते. एका ओळखीच्या बाईंनी नवऱ्याच्या आठवणीत अशी काही खोली बंद करून घेतली की मुलगा दारात येऊन उभा राहिला तरी त्यांना दिसेना. त्यांचं गाणं कुठेच जात नव्हतं, तिथेच गोल गोल फिरत होतं. शास्त्र ज्याला भितं ते हेच असावं. म्हणून आता मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे. आठवण येऊन गेल्यावर मी उठून कुणासाठी काही करू शकते का? करू शकले तर ती येऊ दे. नाही करू शकले तर त्या दिवशी सामायिक करायचं, नाहीतर कुणाच्या तरी घरी जायचं. कसोटी माझी आहे, शास्त्राची नाही. ज्ञानी माणसांनी चूक काढली तर मी ऐकेन.

अनंत चतुर्दशी झाली. क्षमावणीच्या दिवशी आपण सगळ्यांना 'उत्तम क्षमा' म्हणतो, फोनवरून शंभर जणांना एकच निरोप पाठवतो. यंदा मी आधी त्या सुनेच्या घरी गेले. ती ओट्यावर कपडे घडी करत होती. मी म्हटलं, "मी तुझ्याशी खोटं बोलले होते. मला तुझ्या काकांची रोज आठवण येते. सकाळी दूध गाळायला घेते तेव्हा जास्त. त्यांना सायीचं दूध चालत नसे. अजूनही दोनदा गाळते."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांचा फोन रात्री अकराले येते, काकू. तवा सगळे झोपलेले असतात. मी हळूच बोलते. मोठ्यानं हसता बी येत नाही."

हे मला ठाऊकच नव्हतं. आर्तध्यानावर बोलणाऱ्या आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं ना. मी तिच्या सासूशी बोलले. बाई समजूतदार आहेत. आता ती फोन घेऊन माडीवर जाते.

पुढच्या बैठकीत मी तिला राजुलचं गाणं म्हणायला सांगितलं. ज्या ज्येष्ठ बाई त्या दिवशी बोलल्या होत्या त्यांनीच पुढे सरकून तिला जागा दिली. दुसऱ्या कडव्यावर तिचा आवाज पुन्हा फाटला. या वेळी ती थांबली तशा आम्ही सगळ्यांनी पुढची ओळ उचलली. माझाही आवाज फारसा बरा नव्हता.